कंपवात कशामुळे झाला, हे घरी बसून शोधायचं तर सुरुवात कुठून करायची

आमच्या आप्पांचा उजवा हात नुसता मांडीवर ठेवला तरी थरथरायला लागला, तेव्हा रावेरकडच्या पाहुण्यांनी कारणं ठरवूनच टाकली होती, कोणी म्हणे टेन्शन, कोणी म्हणे केळीवरची फवारणी. मी मात्र एक वही घेतली.

पहिलं काम, औषधांची पिशवी पलंगावर उलटी करा. जीन टेस्टबिस्ट नंतर. चक्करची सिनारिझिन, अर्धशिशीची फ्लुनारिझिन, उलटीची मेटोक्लोप्रमाइड, मानसिक आजाराची हॅलोपेरिडॉल, आणि गॅसच्या गोळीत गुपचूप मिसळलेली लेवोसल्पिराइड, ही सगळी मेंदूतल्या डोपामिनचं (हालचाली सांभाळणारं रसायन) काम अडवतात अन् माणूस हुबेहूब कंपवाताचा वाटतो. म्हणून गोळीचं नाव वाचून सोडू नका, मागे बारीक अक्षरात काय काय घातलंय ते लिहा, आणि गोळी कधी सुरू झाली, थरथर कधी सुरू झाली, या दोन तारखा शेजारी शेजारी मांडा. हे कारण असं आहे की ते काढून टाकता येतं, डॉक्टरांनी गोळी बंद केल्यावर बऱ्याच जणांना काही आठवड्यांत-महिन्यांत फरक पडतो. पण स्वतःच्या मनाने बंद करू नका भो.

मग मागे जा, आणि लांब मागे जा. वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत लाथा मारणं हे थरथरीच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होऊ शकतं, त्यामुळे मागच्या वर्षी पडले म्हणून झालं वगैरे धरून बसू नका. हे आईला विचारा, आप्पांना नाही. आमच्या आईला आठवलं की अंगणात भरताची वांगी भाजताना आप्पांना धुराचा वासच यायचा नाही, आम्ही हसायचो.

फवारणीचा संशय अगदीच हवेतला नाही. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात भेसळीच्या नशेतल्या एमपीटीपी नावाच्या रसायनाने तरुण पोरं काही दिवसांत आखडून गेली होती, तेव्हा कळलं की रसायन असं करू शकतं. 2011 च्या अमेरिकन अभ्यासात पॅराक्वाट तणनाशक आणि रोटेनोन कीटकनाशक वापरणाऱ्यांत कंपवाताचं प्रमाण जवळपास अडीचपट दिसलं. युरोपात पॅराक्वाट 2007 पासून बंद आहे. म्हणून कोणतं औषध, कोणती वर्षं, पंप पाठीवर गळायचा का, तोंडाला गमछा तरी होता का, पाणी शेतातल्याच विहिरीचं प्यायचे का, सगळं लिहा. पण यातून पुरावा मिळत नाही, आमचे काका त्याच पंपाने फवारायचे अन् ठणठणीत आहेत.

घराण्याचं थोडक्यात बघा. बहुतेकांच्या घरात आधी कोणाला नसतं. पन्नाशीच्या आत सुरू झालं असेल किंवा आईवडील एकमेकांची आतेमामे भावंडं असतील, म्हणजे नात्यातलं लग्न असेल, तर मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आप्पांची गॅसची गोळी दोन वर्षं चालू होती, कोणी विचारलंच नव्हतं. ती बंद झाल्यावर थरथर कमी झाली, गेली नाही, म्हणजे मूळ आजार असावाच, गोळीने वाढवला होता. वहीतलं सगळं डॉक्टरांना वाचून दाखवू नका, त्यांच्याकडे वेळ नसतो, एका कागदावर वरती गोळ्या अन् तारखा, बाकी सगळं मागच्या बाजूला.