मंडळाचा टी-शर्ट पुढच्या गणपतीपर्यंत टिकवायचा असेल तर

नाशिकच्या सिडकोत आमचं टी-शर्ट छापायचं दुकान आहे. ढोलपथकं, मंडळं, अंबड-सातपूरच्या कंपन्या, कॉलेजची पोरं, सगळ्यांचं काम करतो. विसर्जन झालं की आठवड्याभरात फोन सुरू होतात, "ताई, प्रिंट निघाली हो." मी विचारते, धुतला कसा? बहुतेकांचं उत्तर एकच: रात्रभर गरम पाण्यात भिजवला, कॉलरबरोबर छातीवरही ब्रश मारला, गच्चीवर उन्हात टाकला आणि घालताना वरून कडक इस्त्री.

आधी आपली प्रिंट कुठली ते ओळखा. डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवा. हाताला काहीच लागत नसेल आणि कापड पॉलिस्टरचं असेल, तर ते सब्लिमेशन. त्यात रंग धाग्यातच शिरलेला असतो, सोलून निघायचा प्रश्न नाही. फक्त इस्त्री कमी ठेवा, नाहीतर कापडच चकाकतं. कापडावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा बसल्यासारखा लागला, फोटोसारखे बारीक रंग दिसले, तर डीटीएफ, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग शर्टावर उतरवलेली प्रिंट. ती खालच्या डिंकाच्या पावडरवर चिकटलेली असते. आणि रबरासारखा जाड थर, एक-दोन रंग, म्हणजे बहुधा स्क्रीन प्रिंटची, जाळीच्या चौकटीतून छापलेली प्लास्टिसॉल शाई.

ही शाई हवेने वाळत नाही. तिला साधारण १६० अंशांपर्यंत तापवावं लागतं, तेव्हा ती पक्की होते. घाईच्या ऑर्डरीत नेमकी इथेच काटकसर होते. म्हणून टी-शर्ट घेताना दुकानातच प्रिंट दोन्ही अंगठ्यांनी हलकी ताणून पाहा. ताणल्यावर कोरड्या मातीसारख्या भेगा पडल्या तर ती कच्ची राहिलीय. तिथल्या तिथे परत द्या, पुन्हा तापवून मिळते. कच्ची प्रिंट तुम्ही कितीही जपून धुवा, जाणारच. त्यात धुणाऱ्या बाईचा काही दोष नाही.

नवा टी-शर्ट पहिला दिवसभर धुवू नका. त्यानंतर उलटा करून, थंड पाण्यात, मशीनच्या हलक्या सायकलवर. जीन्स आणि चेनवाल्या पँटी वेगळ्या, त्या आतून किसणीचं काम करतात. गरम पाण्याने सुती कापड आटतं, प्रिंट आटत नाही, मग कडेने चुण्या पडतात आणि तिथूनच ती सुटायला लागते. ब्लीच नको, सॉफ्टनरही नको. बोअरचं जड पाणी असेल तर पावडरीऐवजी लिक्विड वापरा आणि एकदा जास्त खळबळा. पावडर नीट विरघळत नाही, तिचे कण प्रिंटवर घासतात.

गुलालाचा टी-शर्ट असेल तर आधी कोरडाच झटका, बाहेर, जोरात. ओला केलात की गुलाल धाग्यात बसला. आणि घामाने भिजलेला शर्ट बॅगेत गुंडाळून सकाळपर्यंत ठेवायचा नाही. ढोलवाल्यांना एक सांगणं: ढोल कमरेला बांधतात, तो पोटावर घासतच राहतो. डिझाइन छातीवर वरती किंवा पाठीवर घ्या. बेंबीपर्यंत आलेला मोठा गणपती फोटोत छान दिसतो, पण मिरवणूक संपेपर्यंत त्याची सोंड गेलेली असते.

रंगपंचमीला शनी चौकातल्या किंवा तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, उडी मारायची असेल तर मात्र हे सगळं विसरा. सगळ्यात स्वस्त टी-शर्ट छापून घ्या, तो तसाही रंगीतच राहणार.

वाळवणं सावलीत, उलट्या बाजूने. एप्रिल-मेमध्ये तर गच्चीवर नकोच. जुलै-ऑगस्टमध्ये उलटी अडचण, दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत, मग लोक ओलसर शर्टावर इस्त्री फिरवून वाळवतात. आमच्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या डीटीएफमध्ये असे बरेच असतात. त्यापेक्षा मशीनमध्ये एक स्पिन जास्त द्या आणि पंख्याखाली टाका. इस्त्री नेहमी आतल्या बाजूने. वरून करायचीच असेल तर मध्ये बटर पेपर. तापलेली इस्त्री थेट प्लास्टिसॉलला लागली की शाई इस्त्रीला येते, आणि मग पुढचा पांढरा शर्टही जातो.

डीटीएफचा कोपरा सुटला तर ओढू नका. शर्ट कडक टेबलावर अंथरा, बटर पेपर ठेवा, वाफ बंद करून सुती कापडाच्या खुणेवरची इस्त्री दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. फिरवायची नाही. पूर्ण गार झाल्यावरच पेपर काढा. डिंक शिल्लक असेल तर बसते. स्क्रीन प्रिंटच्या भेगा अशा बुजत नाहीत. तोच एक शर्ट नव्याने हवा असेल तर डीटीएफमध्येच मागा, एका नगासाठी स्क्रीन बनवणं कुणालाच परवडत नाही. म्हणून ऑर्डर घेतानाच डिझाइनची फाइल मागून स्वतःजवळ ठेवा. दुकानदार ती वर्षभर सांभाळेलच असं नाही, आम्हीही नाही.