‘न्यू’ बटणामागचा फॉर्म बदलायला घेण्याआधी

सेल्सफोर्समध्ये (कंपन्या गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवतात ते सॉफ्टवेअर) ‘न्यू’ दाबल्यावर नवीन रेकॉर्डसाठी, म्हणजे नव्या नोंदीसाठी, स्वतःचा फॉर्म बांधायचा ठरला की लॅपटॉप थोडा वेळ बाजूला ठेवा. आत्ताच्या पेज लेआउटची, म्हणजे कुठलं फील्ड (रकाना) कुठे येतं त्या मांडणीची, प्रिंट काढा आणि तो फॉर्म रोज भरणाऱ्या माणसाशेजारी अर्धा तास बसा. माझं मागचं काम फ्लॅटच्या चौकशीच्या नोंदीचं होतं. लेआउटवर ४२ फील्ड, आणि भरणारी मुलगी साइट ऑफिसात, गिऱ्हाईक समोर ताटकळत असताना मोबाइलवर टाइप करणारी. तिने पेनाने नऊ फील्डवर टिक केली आणि म्हणाली, “बाकीचं मी नंतर भरते. म्हणजे, भरत नाही.”

मग स्वतःलाच विचारा, कोड खरंच लागतो का? नुसता क्रम बदलायचा, काही फील्ड झाकायची, तर पेज लेआउट, रेकॉर्ड टाइप (नोंदीचे प्रकार) आणि डायनॅमिक फॉर्म्स (अटीनुसार फील्ड दाखवणं-झाकणं) या तयार सोयींत भागतं. काही माहिती आधीच भरून हवी असेल तर डिफॉल्ट व्हॅल्यू देऊन नेहमीचंच पान उघडता येतं. बऱ्याचदा काम इथेच मिटतं. त्यात आपलं बिल छोटं होतं, हे खरं.

कोड लागणारच असेल तर सेल्सफोर्सनेच दिलेल्या तयार कोड-तुकड्यांच्या दोन वाटा आहेत. लाइटनिंग-रेकॉर्ड-फॉर्मला ‘फुल’ लेआउट सांगितला की तो फील्ड लेआउटवरूनच उचलतो. अ‍ॅडमिनने तिकडे बदल केला की इकडे दिसतो, पण मांडणी तुमच्या हातात फारशी राहत नाही. लाइटनिंग-रेकॉर्ड-एडिट-फॉर्ममध्ये प्रत्येक फील्ड तुम्ही मांडता, आणि तिथून पुढे लेआउटशी त्याचं नातं तुटतं. अ‍ॅडमिनने उद्या लेआउटवर नवं फील्ड टाकलं तरी तुमच्या फॉर्मवर येणार नाही. हे त्याला आधीच मेलवर कळवून ठेवा, नाहीतर तीन महिन्यांनी तुमच्याच नावाने बग येतो.

सगळ्यात जास्त वेळ ‘आवश्यक’ या शब्दाला द्या. फील्ड मुळातच आवश्यक असेल तर लाल तारा आपोआप येतो. फक्त लेआउटवर आवश्यक केलेलं असेल, तर एडिट-फॉर्म त्याकडे बघतही नाही. तिथे ‘रिक्वायर्ड’ तुम्हालाच लिहावं लागतं. व्हॅलिडेशन रूल, म्हणजे भरलेली माहिती तपासणारा नियम, मात्र सेव्ह करतानाच आडवा येतो. त्यातून भरणाऱ्याच्या प्रोफाइलला (कोणाला काय दिसतं ते ठरवणारी सेटिंग) ज्या फील्डचा अ‍ॅक्सेस नाही ते फील्ड मुकाट्याने गायब होतं. आता बघा: रूल म्हणतो बजेट भरा, पण बजेटचा रकानाच तिच्या स्क्रीनवर नाही. आणि फॉर्ममध्ये लाइटनिंग-मेसेजेस (एरर दाखवणारा तुकडा) टाकायला तुम्ही विसरला असाल, तर सेव्ह दाबून काहीच होत नाही, एररही दिसत नाही. ती पुन्हा दाबते. पुन्हा दाबते. म्हणून फील्ड, कुठे आवश्यक, कोणता रूल, कोणत्या प्रोफाइलला दिसतं, एवढे चार कॉलम एक्सेलमध्ये भरल्याशिवाय एडिटर उघडायचा नाही.

डिपेन्डंट पिकलिस्ट (जिचे पर्याय दुसऱ्या फील्डवर ठरतात अशी यादी) घेणार असाल तर ते दुसरं, म्हणजे कंट्रोलिंग, फील्डही फॉर्मवर हवंच. रेकॉर्ड टाइपचा आयडी कोडात चिकटवू नका. सँडबॉक्समध्ये (चाचणीच्या प्रतीत) केलेला नवा रेकॉर्ड टाइप प्रॉडक्शनला (खऱ्या सिस्टीमला) गेला की आयडी बदलतो, त्यामुळे नावावरून शोधा. ‘आधारचा फोटोही इथेच घ्या ना’ अशी मागणी हमखास येते. फोटो त्याच रेकॉर्डला जोडायचा तर लाइटनिंग-फाइल-अपलोडला (फाइल चढवणारा तयार तुकडा) रेकॉर्डचा आयडी लागतो आणि सेव्ह होईपर्यंत तो जन्मलेलाच नसतो. तेव्हा आधी सेव्ह, मग फोटो, अशा दोन पायऱ्या कबूल करून घ्या.

टेस्टिंगसाठी तिच्याच प्रोफाइलचा यूजर मागून ठेवा. सिस्टीम अ‍ॅडमिनला सहसा सगळंच दिसतं, त्याच्या लॉगिनने केलेली टेस्ट काही सांगत नाही. फोनवर, नेटवर्क रडत असताना सेव्ह दोनदा दाबून बघा; पहिल्या टॅपनंतर बटण बंद होत नसेल तर एकाच गिऱ्हाइकाची दोन रेकॉर्ड होतात. आणि ‘न्यू’चा ओव्हरराइड (नेहमीच्या पानाऐवजी आपला फॉर्म उघडायची सेटिंग) डेस्कटॉपसाठी वेगळा, मोबाइलसाठी वेगळा लावावा लागतो. आमचा पहिल्या दिवशी फक्त डेस्कटॉपवर लागला होता, आणि ती मुलगी अजून ४२ फील्डच्या पानावरच होती.