चिनी शिकताय? ‘फेइथंग’ जरा जपून

एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या वरच्या पातळ्यांची तयारी करणाऱ्यांनी ‘फेइथंग’पाशी थोडं थांबावं. शब्द पाठ करायच्या कार्डाच्या मागे ‘उकळणे’ एवढंच असतं, आणि घात तिथेच होतो.

पाण्याचं आधी उरकतो. आधण आलं की चिनी माणूस ‘श्वेइ खाइ ल’ म्हणतो. हे ‘खाइ’ म्हणजे दार उघडणं, दिवा लावणं, गाडी चालवणं यातलंच. तिकडच्या रेल्वेत गरम पाण्याच्या नळावरही ‘खाइश्वेइ’ लिहिलेलं असतं. चहा करताना ‘फेइथंग’ म्हणालात तर चूक नाही, पण विज्ञानाचा तास सुरू झाल्यासारखं वाटतं. उत्कलनबिंदू म्हणजे ‘फेइत्येन’, ते त्याचं घर.

आता मला पोळलेली जागा: ‘रअश्वे फेइथंग’. शब्दशः, गरम रक्त उकळतंय. आपण लगेच ‘रक्त खवळलं’ लावून मोकळे! अहो, राग नाही. शेवटच्या मिनिटाला आपल्या संघाचा गोल होतो, अख्खं स्टेडियम उठून उभं राहतं, तेव्हाचं ते स्फुरण. पुन्हा सांगतो, राग नाही. साहेबांनी चारचौघांत पाणउतारा केला हे सांगताना हे वाक्य टाकलंत, तर समोरच्याला वाटेल तुम्हाला मजा आली. रागाला साधं ‘शंगछी’ पुरतं. फारच भडकला असाल तर ‘हुओ माओ सान चांग’: आग तीन चांग, म्हणजे साधारण दहा मीटर उंच.

यातही मेख आहेच. ‘मिनय्वेन फेइथंग’ म्हणजे जनतेचा रोष उफाळणं. पण तिथे रोष ‘य्वेन’मध्ये आहे, फेइथंग नुसतं पातेलं, आत घालाल ते उकळेल.

घाबरू नका. मराठीत आनंदाच्या उकळ्या फुटतातच की! ‘फेइफेइ यांगयांग’ तर थेट आपलं ‘चर्चेला ऊत येणं’. आपण इंग्रजीचा जिना चढून चिनीत जातो, म्हणून पाय घसरतो. शब्द पाठ करून घेणारी ॲपं आणि ‘आधी इंग्रजी अर्थ घोका’ म्हणणारे सर, दोघांवरही माझा विश्वास नाही. 1953 पासून निघणारा छोटा ‘शिनहुआ’ हा चिनी-चिनी कोश घ्या. सुरुवातीला रडवेल, रडा.

आणि हॉटेलात ‘फेइथंग यू’ मागवलात, तर मासे तेवढे उचलून खा. रस्सा समजून भातावर ओतू नका, ते मिरच्यांचं तेल असतं.