मोंढ्यातल्या अध्यक्षांची शोकसभा अन् स्मरणिका कशी करायची

आमच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्याच्या बाजारातले, आडत्यांच्या (शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकून देणाऱ्यांच्या) असोसिएशनचे अध्यक्ष मागच्या वर्षी गेले. सगळे आप्पाच म्हणायचे त्यांना, आडते, खरेदीदार, हमाल, मालाचं वजन करणारे मापाडी, माल घेऊन आलेले शेतकरी सुद्धा. शोकसभेचं अन् नंतर स्मरणिकेचं काम माझ्याकडं आलं, आधी कधी केलेलं नव्हतं त्यामुळं काही चुकलं, काही चांगलं जमलं. आता आजूबाजूच्या गावातून फोन यायलेत की तुम्ही कसं केलं होतं ते सांगा, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

पहिलं बंदचं बघा. अध्यक्ष गेले की ग्रुपवर लगेच मेसेज पडतो, उद्या मोंढा बंद. अंत्यविधीच्या दिवशी ठीकय, पण शोकसभेसाठी परत दिवसभर बंद ठेवू नका. सोयाबीनच्या सीझनमध्ये शेतकरी पहाटेच टेम्पो भरून निघालेला असतो, दारात येऊन परत गेला तर भाडं त्याच्या अंगावर. सौदे सुरू व्हायच्या आधी सकाळी एक तास सभा घ्या, पोटली त्यानंतर फोडा, म्हणजे दिवसाचा भाव सभेनंतर काढा. बाजार समितीला आदल्या दिवशी लेखी पत्र द्या. अन् सभा यार्डातच घ्या, मंगल कार्यालयात नको, तिथं हमाल येतच नाहीत, आले तरी दारात उभे राहतात. आमची सभा शेडमध्ये झाली, माणसं पोत्यांच्या थप्प्यांवर बसली होती, आप्पांचा फोटो काट्याशेजारी ठेवला होता कारण रोज ते तिथंच खुर्ची टाकून बसायचे.

आता खरं काम म्हणजे आठवणी गोळा करणं, अन् ते तेराव्याच्या आत करा. त्या दिवसांत माणसं घरी बसायला येतात, जुने लोक गावाहून येतात, बोलतात. महिन्यानं फोन केला तर सगळे म्हणतात हो सांगतो की, अन् राहून जातं. पण "आप्पांबद्दल दोन शब्द सांगा" असं विचारू नका, विचारलं की प्रत्येकजण कधीही न भरून निघणारी पोकळी म्हणतो अन् गप्प बसतो. त्यापेक्षा आपल्या भागात सगळ्यांना आठवतील अशा दिवसांना धरून विचारा.

म्हणजे असं, की भूकंपाच्या सकाळी आप्पा कुठं होते? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या रात्री विसर्जन झालेलं, तो दिवस लातूर धाराशिवकडं कुणी विसरलेलं नाही. हे विचारल्यावर एक म्हातारा हमाल, जो आधी काय बोलू म्हणत होता, तो अर्धा तास बोलला. आप्पांनी सकाळीच गाळे उघडायला लावले, ज्वारी तांदळाची पोती ट्रकवर चढवली किल्लारीकडं न्यायला, हिशोब लिहिणाऱ्या दिवाणजीनं विचारलं माल कुणाच्या खात्यावर टाकू तर म्हणले आधी गाडी काढ, खातं मागून बघू. तसंच एप्रिल २०१६ विचारा, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं लातूरला, पहिल्या गाडीत १० वाघिणी अन् ५ लाख लिटर पाणी, तेव्हा मोंढ्यात पाण्याचं कसं केलं होतं. त्याच वर्षीची ८ नोव्हेंबरची नोटबंदी विचारा, ऐन सोयाबीनमध्ये शेतकऱ्याला पट्टी, म्हणजे मालाचे पैसे, रोख देणारा मोंढा, अन् हातात सगळ्या पाचशे हजारच्या नोटा. आमच्या दिवाणजींनी सांगितलं की जेवढ्या शंभराच्या नोटा होत्या त्या आप्पांनी दोन चार कट्टे आणणाऱ्या शेतकऱ्यांसाठी बाजूला काढायला लावल्या, मोठ्यांना म्हणले तुम्ही थांबू शकता. २०२० चं लॉकडाऊन पण विचारा. एकेका प्रश्नाला एकेक खरी गोष्ट निघते.

कुणाला विचारायचं याचा क्रम पण महत्त्वाचा आहे. आधी दिवाणजी, मग मापाडी, हमालांच्या टोळीचा मुकादम, धान्य चाळणाऱ्या बायका, चहावाला, अन् एक माणूस असा जो निवडणुकीत त्यांच्या विरोधात उभा होता. पुढारी सगळ्यात शेवटी. आम्ही एक मोठी चूक केली, आप्पांच्या घरी काकूंना शेवटी विचारलं, तेव्हा कळलं की आप्पांच्या कोटाच्या खिशातली छोटी डायरी काकूंनी जपून ठेवलीय. त्यात मोंढ्यातले सगळे वांधे, म्हणजे भांडणं, लिहिलेले, तारीख, शेतकऱ्याचं गाव, काय ठरलं. एका पानावर एवढंच होतं, "सोयाबीन ओलं नव्हतं. माझं चुकलं. उद्या परत बोलावणे." मापाड्याला ते पान दाखवलं तर त्याच्या डोळ्यात पाणी आलं, म्हणला हो, दाणा दाताखाली चावून त्यांनी ओला सांगितला होता, रात्री त्यांनाच चैन पडलं नाही, दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर शेतकऱ्याची माफी मागितली अन् कापलेले पैसे स्वतःच्या खिशातून दिले. ही गोष्ट कुठल्याच भाषणात आली नसती. म्हणून आधी घरी जा, अन् डायऱ्या, जुन्या वह्या आवरायच्या आधी बघू द्या म्हणून सांगून ठेवा, रद्दीत जातात.

बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा पण विचारून करा, अन् फॅनखाली बसू नका, काही ऐकू येत नाही. फोटो मागवताना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, साधे पाठवले की छापताना फाटतात. जुन्या फोटोतली माणसं कोण आहेत ते म्हाताऱ्या माणसाजवळ बसून लगेच लिहून घ्या.

तारखा तपासा. निजामाच्या काळात जन्मलेल्या माणसाच्या दाखल्यावर कधी फसली सन असतो, त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतं, एखादं वर्ष पुढंमागं. अध्यक्ष कधीपासून हे आठवणीवर सोडू नका, प्रोसिडिंग बुक (सभांचं कामकाज लिहायची वही) काढून बघा, आम्ही सगळे वेगवेगळं वर्ष सांगत होतो.

सभेत पाचच वक्ते अन् प्रत्येकाला चार मिनिटं, त्यात एक हमाल अन् एक शेतकरी पाहिजेच. नेत्यांचे संदेश येतात ते नावं वाचून आभार माना, पूर्ण वाचत बसू नका. शोकप्रस्ताव छोटा ठेवा, आम्ही असा केला होता: "आपले अध्यक्ष आप्पा आपल्यातून गेले. शेतकरी, हमाल अन् व्यापारी यांच्यातला वांधा त्यांनी तोंड बघून मिटवला नाही. त्यांच्या घरच्यांच्या दुःखात सगळा मोंढा सहभागी आहे." मग दोन मिनिटं उभं राहणं, अन् प्रस्ताव प्रोसिडिंग बुकात लिहून सह्या. नवा अध्यक्ष कोण हा विषय त्या दिवशी कुणी काढला तर हात जोडून थांबवा. असोसिएशनची ट्रस्ट म्हणून नोंदणी असेल तर पदाधिकारी बदलल्याचा चेंज रिपोर्ट ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो, त्यासाठी वेगळी मीटिंग घ्या.

स्मरणिकेत जाहिराती शेवटच्या पानांवरच. नाहीतर चाळीस पानं नुसती भावपूर्ण श्रद्धांजली अन् दुकानाचा पत्ता, आप्पा कुठंच नाहीत. पानं ८ च्या पटीत ठेवा, छापणाऱ्याला सोपं जातं. नावांचं प्रूफ दोन माणसांनी वेगवेगळं वाचा, हमालाचं नाव चुकलं तर तो बोलत नाही पण त्याला लागतं. आम्ही ती डायरीतली पानं तशीच्या तशी त्यांच्या अक्षरात छापली, फक्त शेतकऱ्यांची नावं झाकून.

प्रकाशनाला पाहुणा शोधू नका. आम्ही दिवाळी पाडव्याला वहीपूजन झाल्यावर वाटली, पहिली प्रत काकूंना घरी नेऊन दिली, दुसरी हमालांच्या खोलीत खुंटीला दोरीनं बांधून ठेवलीय.