दांडेलीला गुहा आधी, झिपलाइन नंतर
बेळगावहून खानापूरमार्गे दांडेलीला एका दिवसात जाऊन यायचे असेल, तर पहाटे निघून कवळा गुहा सकाळीच पाहावी. ती काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात असल्याने प्रवेश वन खात्याच्या परवानगीवर अवलंबून असतो, म्हणून तो सुरू आहे की नाही, याची चौकशी आदल्या दिवशीच करणे आवश्यक आहे. पायऱ्या बऱ्याच आहेत आणि आत काही ठिकाणी अक्षरशः रांगावे लागते. त्यामुळे जुने, पूर्ण बाह्यांचे कपडे, घट्ट बूट आणि प्रत्येकासाठी डोक्याला बांधायची बॅटरी हवी, कारण मोबाइल धरला की एक हात अडकतो. झिपलाइन (पट्ट्यांनी तारेला लटकून घसरत जाण्याचा खेळ) त्यानंतर, परंतु जेवणाआधी करावी. पट्टे बांधण्यापूर्वी वजनाची मर्यादा स्वतःहून विचारावी, मुलांसाठी तर किमान वजनही, आणि ओढणी काढून ठेवावी.