जुन्या लिव्हरी बटणावरून घराणे कसे ओळखावे

ब्रिटनमधील उमराव आणि मोठ्या जमीनदारांच्या घरी फूटमन, गाडीवान, मोतद्दार अशा पुरुष नोकरांना घराण्याचा ठरावीक गणवेश दिला जात असे. त्याला लिव्हरी म्हणत आणि त्या कोटाच्या धातूच्या बटणांवर मालकाचे चिन्ह ठसवलेले असे. असे नोकर बाळगणे ही इतकी प्रतिष्ठेची बाब होती की १७७७ पासून पुरुष नोकरांवर आणि १७९८ पासून कुलचिन्हाच्या वापरावर तेथे सरकारी कर बसवला गेला. आपल्याकडे चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पितळी बटणांच्या ढिगात असे एखादे बटण लष्करी म्हणून हाती पडू शकते, म्हणून लष्कर, पोलीस, रेल्वे आणि क्लब यांची बटणे आधी वेगळी काढावीत. त्यांवर बहुधा अक्षरे किंवा क्रमांक असतात, तर लिव्हरीच्या बटणावर बहुतेक वेळा एखादा प्राणी, पक्षी किंवा हात एवढेच दिसते.

बटण चिंच, लिंबू किंवा भांडी घासण्याच्या पावडरने कधीही उजळू नये. वरचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि तो गेला की ओळखीचा एक महत्त्वाचा धागाच तुटतो. मऊ ब्रशने धूळ काढून बटण भिंगाखाली धरावे आणि उजेड एका बाजूने तिरका पाडावा, म्हणजे झिजलेल्या रेषाही उठून दिसतात.

नाव शोधायला बसण्यापूर्वी जे दिसते त्याचे अचूक वर्णन लिहून काढावे, कारण पुढचा सगळा शोध त्या वर्णनावरच उभा असतो. बटणावर संपूर्ण ढाल क्वचित असते; बहुधा असते ते क्रेस्ट, म्हणजे कुलचिन्हात शिरस्त्राणाच्या माथ्यावर येणारी आकृती. तिच्या पायाशी पीळ दिलेल्या दोरीसारखी छोटी आडवी पट्टी असते. प्राणी उभा आहे, चालतो आहे, बसला आहे की मागच्या पायांवर उसळला आहे, पूर्ण आहे की कमरेपर्यंतच, तोंड बाजूला आहे की आपल्याकडे, हे सर्व नोंदवावे. नुसते मुंडके असेल तर मानेची खालची कड नीट पाहावी. ती सरळ कापलेली असेल तर एक घराणे आणि उपटून काढल्यासारखी तीन टोकांत फाटलेली असेल तर दुसरेच घराणे, असे नेहमी घडते.

एवढा बारकावा का लागतो हे पर्सी आणि हॉवर्ड या दोन घराण्यांवरून कळते. नॉर्थम्बरलंडचे ड्यूक पर्सी आणि नॉरफोकचे ड्यूक हॉवर्ड या दोघांच्याही क्रेस्टमध्ये फरची दुमड असलेल्या टोपीवर चार पायांवर उभा सिंह आहे आणि दोघांच्याही सिंहाची शेपटी मागे सरळ ताणलेली आहे. पर्सींचा सिंह निळा, हॉवर्डांचा सोनेरी, परंतु बटणावर रंग नसतोच. तेथे उपयोगी पडतो तो हॉवर्डांच्या सिंहाच्या गळ्यातील छोटा मुकुट. इंचभर बटणावर तो तांदळाच्या दाण्याएवढाही नसतो आणि झिजला की सिंहाच्या तोंडावरच भिस्त ठेवावी लागते: हॉवर्डांचा सिंह आपल्याकडे पाहतो, पर्सींचा बाजूला.

क्रेस्टच्या वर स्वतंत्र मुकुट असेल तर तो मालकाची पदवी सांगतो. चित्रात दिसतात तेवढी चिन्हे मोजायची. उमरावांच्या पदव्या वरून खाली अशा: ड्यूकच्या मुकुटावर स्ट्रॉबेरीची पाच पाने, मार्क्विसच्या मुकुटावर तीन पाने आणि त्यांच्यामध्ये दोन गोळे, अर्लच्या मुकुटावर उंच दांड्यांवरचे पाच गोळे आणि मध्ये खाली चार पाने, व्हायकाउंटच्या कडेवर चिकटून बसलेले सात किंवा नऊ गोळे, आणि बॅरनचे चार. येथे एक मोठा चकवा आहे. प्राण्याच्या खाली, पिळाच्या जागी, तीन पानांचा मुकुट असेल तर तो क्रेस्टचाच भाग असतो. त्याला ड्यूकचा मुकुट म्हणण्याची प्रथा असली तरी पदवी नसलेल्या अनेक घराण्यांकडेही तो आहे, म्हणून त्यावरून ड्यूक ठरवू नये.

पदवीचा मुकुट कधी कधी बटणाचा काळही ठरवून देतो. ग्रोव्हनर घराण्याचे क्रेस्ट म्हणजे उभा टॅल्बट, लोंबत्या कानांचा शिकारी कुत्रा. हे घराणे १७८४ मध्ये अर्ल, १८३१ मध्ये वेस्टमिन्स्टरचे मार्क्विस आणि १८७४ मध्ये ड्यूक झाले. तेव्हा तोच कुत्रा अर्लच्या मुकुटाखाली असेल तर बटण पहिल्या टप्प्यातले, मार्क्विसच्या मुकुटाखाली असेल तर मधल्या त्रेचाळीस वर्षांतले आणि ड्यूकच्या मुकुटाखाली असेल तर त्यानंतरचे मानावे. क्रेस्टभोवती बक्कल असलेला पट्टा पुष्कळदा केवळ शोभेचा असतो, पण त्यावर 'ऑनी स्वा की माल ई पाँस' (वाईट मनात आणणाऱ्याला लाज वाटो) हे फ्रेंच ब्रीद असेल तर ते राजघराण्याकडे किंवा गार्टर या सन्मानाच्या धारकाकडे निर्देश करते. राजघराण्याबाहेरचे असे धारक एका वेळी चोवीसच असत, त्यामुळे शोधाचे वर्तुळ एकदम लहान होते.

मग बटण उलटावे. सपाट, एकसंध चकती आणि तिला डाख देऊन जोडलेली कडी ही जुन्या घडणीची खूण आहे. फुगीर दर्शनी पत्रा मागच्या पत्र्यावर दुमडून बसवलेली दोन भागांची बटणे एकोणिसाव्या शतकात रुळली. मागे फर्मिन, पिट, शेरलॉक असे लंडनच्या किंवा हॅमंड टर्नर असे बर्मिंगहॅमच्या कारखानदाराचे नाव असते. चार्ल्स पिट यांच्या बटणांवर कधी सेंट मार्टिन्स लेन, तर कधी मॅडॉक्स स्ट्रीट असा पत्ता आढळतो. असे पत्ते त्या काळच्या व्यापारी डिरेक्टरींशी ताडून पाहिले की वर्षांची मर्यादा मिळते. मात्र कारखानदाराचे नाव मालकाबद्दल काहीच सांगत नाही, आणि विक्रेते हे दोन्ही सर्रास एक करून टाकतात.

एवढी तयारी झाली की जेम्स फेअरबेर्न यांचा क्रेस्टचा कोश उघडावा. त्याची १९०५ ची आवृत्ती इंटरनेट आर्काइव्हवर विनामूल्य वाचता येते. त्यातील चित्रपानांवर आकृती गाठून तिच्या क्रमांकावरून घराण्यांच्या नावांपर्यंत जाता येते. एकाच क्रेस्टखाली अनेक घराणी निघतात, तेव्हा पदवी, काळ आणि ब्रीदवाक्य यांच्या चाळणीने ती गाळावीत. बटण रुपेरी की सोनेरी हेही तेथे कामी येते, कारण ढालीतील मुख्य धातूवरून बटणांचा धातू ठरवण्याची रीत होती. पण ती सर्वांनी पाळली नाही, म्हणून हा पुरावा दुय्यम समजावा. पत्त्यांतील चौकटच्या आकारात चिन्ह किंवा आद्याक्षरे असतील तर मालकीण विधवा किंवा अविवाहित असण्याची शक्यता मोठी, कारण स्त्रिया क्रेस्ट वापरत नसत. हिंदुस्थानी संस्थानिकांच्या बटणांसाठी हा कोश उपयोगाचा नाही. त्यांतील अनेकांची कुलचिन्हे १८७७ च्या दिल्ली दरबारासाठी बंगालच्या मुलकी सेवेतील रॉबर्ट टेलर यांनी रेखाटली होती, म्हणून तेथे शोध त्या रेखाटनांपासून सुरू करावा.

शेवटी दोन किंवा तीन घराणी उरली तर बटणासोबतच्या चिठ्ठीवर ती सगळी नावे लिहावीत आणि प्रत्येकाच्या बाजूचा व विरुद्धचा पुरावा नोंदवावा. नुसते मोठे नाव लिहिलेले बटण पुढच्या संग्राहकाला चुकीच्या वाटेने नेते, तर असे टिपण हाती असले की त्याच सिंहाचे कमी झिजलेले दुसरे बटण मिळताच त्याला दोन्ही शेजारी ठेवून निर्णय घेता येतो.