नेटवर्क जेमतेम असताना ऑनलाइन अभ्यासक्रम कसा पूर्ण करावा

२०२० च्या पावसाळ्यात टाळेबंदीमुळे मी गावी अडकलो होतो आणि तासाला हजेरी लावायची, तर छत्री घेऊन घरामागच्या टेकाडावर बसावे लागे. नेटवर्क सुधारण्याची वाट पाहण्यापेक्षा, अभ्यासातला जो भाग नेटवर्कवाचून उरकता येतो तो आधी वेगळा काढावा, हे तिथे उमगले.

प्रथम डेटाचा हिशेब मांडावा. रोजचा दीड जीबीचा पॅक थेट व्हिडिओ तासांत दोन-तीन तासांतच संपू शकतो; म्हणून आपला कॅमेरा बंद ठेवावा आणि गूगल मीटच्या मोबाइल ॲपमधील डेटा मर्यादित ठेवण्याचा पर्याय चालू करावा. ध्वनिमुद्रित व्याख्यान निव्वळ ऐकायचे असेल तर व्हिडिओच्या चित्राचा दर्जा १४४पी ठेवला तरी पुरते. गणिताला मात्र ही काटकसर महागात पडते, कारण फळ्यावरचा घातांक आणि गुणक यांतला फरकच दिसेनासा होतो; तिथे ३६०पी ठेवावे.

‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणमंचावरील एनपीटीईएलचा (आयआयटी आणि आयआयएस्सी यांच्या उपक्रमाचा) अभ्यासक्रम घेतला असेल, तर तालुक्याच्या गावी किंवा महाविद्यालयाच्या वाय-फायवर आठवड्याची व्याख्याने आणि त्यांच्या लिखित प्रती एकदम उतरवून घ्याव्यात. काही अभ्यासक्रमांच्या प्रती मराठीतही मिळतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम आठ स्वाध्यायांची सरासरी धरतात आणि तिला २५ टक्के भार असतो, त्यामुळे वीज गेल्याने एखादा स्वाध्याय हुकला तरी हाय खाऊ नये. उरलेले ७५ टक्के केंद्रावर जाऊन द्यावयाच्या परीक्षेचे असतात, तेव्हा नोंदणी करतानाच एसटीने वेळेत पोहोचता येईल असे केंद्र निवडावे.

खरी अडचण होते ती घरून दिलेल्या ऑनलाइन परीक्षेची उत्तरपत्रिका चढवताना. माझ्या बावीस पानांच्या फोटोंची पीडीएफ ३८ एमबीची झाली होती, पोर्टलची मर्यादा होती १० एमबी, आणि हे मला कळले वेळ संपायला सहा मिनिटे उरलेली असताना. वर चार पाने आडवी! म्हणून फोटो नुसत्या कॅमेऱ्याने न काढता गूगल ड्राइव्हमधल्या स्कॅनच्या सोयीने काढावेत. पाने खिडकीजवळ, हाताची सावली पडणार नाही अशी ठेवावीत, रंगीत आकृत्या नसतील तर कृष्णधवल पर्याय निवडावा, म्हणजे फाइल बरीच हलकी होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी तितक्याच लिहिलेल्या पानांची एक रंगीत तालीम करून फाइलचा आकार पाहून ठेवावा.

फाइल चढल्याचा संदेश दिसताच वेळेसह स्क्रीनशॉट घ्यावा. ती चढलीच नाही, तर अडलेल्या पडद्याचा स्क्रीनशॉट आणि पीडीएफ मुदत संपण्यापूर्वी विषयशिक्षकांना ई-मेलने पाठवावी. नंतर तोंडी सांगितलेली अडचण कार्यालयात कुणी ऐकून घेत नाही.